पहिलीच्या वर्गाचं बोलतं दार

"ताई, शरदभाऊंनी आज दुकान उघडलं नाही," बुधवार पेठेतल्या दादाच्या दुकानाशेजारच्या गाळ्यातून सकाळी फोन आला, तेव्हा मी हसूनच म्हटलं, "अहो, त्याचं दुकान आहे, मनात आलं की उघडेल." माझा दादा वेळेवर दुकान उघडणाऱ्यांपैकी कधीच नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हातातला चहा संपवूनच तो कुलूप काढायचा, आणि वर ऐकवायचा, "रेडिओ चार महिने बंद होता ना? मग चहा होईपर्यंत तो काही दगावत नाही." पण फोनवरचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांना कळलं होतं, फक्त सांगवत नव्हतं. दादा झोपेतच गेला होता... माघ संपत आला होता तेव्हा. आता चैत्र लागलाय. या मधल्या दिवसांत जो भेटायला आला त्याने दादाच्या तिरकस बोलण्याचा एकेक किस्सा सांगितला, आणि आम्ही रडता रडता हसलो. मला मात्र राहून राहून आठवतो तो आमच्या शाळेतला एक आठवडा आणि पहिलीच्या वर्गाचं एक दार. त्या आठवड्यात मी दादाला जितकं खुशीत पाहिलं, तितकं त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं खडकीतल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि दादानेही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. दादाचं डोकं मात्र तारांमध्ये. शाळेत त्याचं आणि मास्तरांचं कधी पटलं नाही. काहीतरी उलट बोलायचा आणि वर्गाबाहेर उभा राहायचा. "वर्गाच्या दाराची बाहेरची बाजू मला पाठ आहे," असं तो पुढे मोठेपणी सांगायचा. दहावीनंतर त्याने रेडिओ दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि बुधवार पेठेत एका जिन्याखाली दुकान थाटलं. नव्वद सालानंतरची वर्षं त्याला भरभराटीची गेली. घरोघरी रंगीत टीव्ही आले, केबल आली, टेपरेकॉर्डर आले, आणि त्यातलं काही ना काही रोज बिघडत होतंच. मग हळूहळू वस्तू इतक्या स्वस्त झाल्या की दुरुस्त करण्यापेक्षा नवीच घेतलेली बरी, असं लोकांना वाटायला लागलं. इकडे मी खडकीतल्याच एका मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत होते. शहराच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातल्या नोकऱ्यांना इंग्रजी लागतं हे सगळ्यांना कळलं होतं, आणि आमच्याकडे पोरं यायची थांबली होती. दादाचं दुकान आणि माझा वर्ग एकाच सुमारास रिकामे व्हायला लागले.

एका फाल्गुनात मुख्याध्यापिका केळकरबाईंनी आम्हा शिक्षिकांना बसवून सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी पहिलीत पुरेशी मुलं आली नाहीत, तर संस्था मराठी पहिली बंद करणार. पाडव्याच्या आधीच्या शनिवारी नवे पालक शाळा बघायला येणार होते. "तोपर्यंत प्रत्येकीने आपल्या वर्गाचं दार वसंतासाठी सजवा," बाई म्हणाल्या, "पालक दारातून डोकावतात आणि परत जातात. निदान आत यावंसं वाटेल असं काहीतरी करा." आमची दारं जुनी, दोन फळ्यांची, सरकारी हिरव्या रंगाची. मी ठरवलं, दोन्ही फळ्यांवर मिळून एक पिंपळ करायचा, नुकती पालवी फुटलेला. मुलांनी आपापला हात कागदावर ठेवून गिरवायचा, कापायचा, आणि त्या तांबूस हातांची पानं करायची. संध्याकाळी दादा घरी आला होता, त्याला हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाड करतेस ते ठीक. पण झाड गप्प बसणार का?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पिशवी घेऊन शाळेत हजर. इतक्या वर्षांत तो माझ्या शाळेत पहिल्यांदाच येत होता. पिशवीत पक्ष्याच्या आवाजाची दारावरची बेल होती, त्या वेळी प्रत्येक फ्लॅटला असायची तसली, आणि एका मोडीत निघालेल्या फ्रिजचं बटण. फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तसंच वर्गाचं दार उघडलं की पक्षी बोलेल, असा त्याचा बेत होता. चौकटीला बटण बसवताना तो शीळ घालत होता. मुलं भोवती कोंडाळं करून बसली होती आणि तो त्यांना एकेक तार दाखवत होता. संध्याकाळी काम पूर्ण झालं, आम्ही मुलांना घरी पाठवलं, दार ओढून घेतलं, तारा जोडल्या आणि वीज गेलेली होती म्हणून ती येईपर्यंत आनंदात चहाला गेलो. परत आलो तर आमचे शिपाई पवारमामा वर्गासमोर घामाघूम होऊन उभे. "बाई, आत पाखरू अडकलंय," ते म्हणाले, "दार उघडलं की गप्प बसतंय. लावलं की परत बोंबलतंय. मगापासून खिडक्या उघडल्या, झाडू फिरवला, पण सापडंना." दादाने बटण उलटं जोडलं होतं. तो तिथेच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग उठून पवारमामांना म्हणाला, "मामा, मी जन्मभर लोकांच्या वस्तू दुरुस्त करतोय, पण माझ्या कामाची इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती."

बटण सुलटं झालं. सकाळी मुलांनी दार उघडलं आणि पक्षी किलबिलला. मग काय, त्या तासाला शिकवणं झालंच नाही. जो तो दार उघडायला धावत होता. दादा दुकान बंद ठेवून मुद्दाम बघायला आला होता आणि दाराबाहेर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. अशात माझ्या वर्गातली वैशाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे आईवडील भंडाऱ्याकडून कामासाठी आलेले, वडील एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक. सुरुवातीला ती बोलायची तेव्हा बाकीची मुलं तिच्या बोलण्याला हसली, आणि दिवाळीनंतर तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. आदल्याच आठवड्यात तिची आई मला सांगून गेली होती, पोरगी इथे मुकी होत चाललीय, हे वर्ष झालं की गावी आजीकडे पाठवतो. मी समजावून पाहिलं होतं, पण तिचं ठरलेलं होतं. तीच वैशाली मान वर करून दादाला म्हणाली, "असा पक्षी नाही राहत." तिच्या बोलीत 'असतो'ला 'राहतो' म्हणतात.

मुलं हसणार हे मला कळलं आणि मी पुढे झाले. पण दादा खाली उकिडवा बसला आणि अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, "मग कसा राहतो?"

वैशालीने जरा विचार केला. मग गाल फुगवून, ओठ मिटून तिने आवाज काढला. टुक, टुक, टुक, टुक... एका लयीत, न थांबता. "आमच्या वडावर राहते तो," ती म्हणाली, "ऊन तापलं का सुरू होते. नाव नाही माहीत."

"तांबट," मी म्हटलं. आमच्या शाळेच्या मैदानातही तो रोज ओरडत होता आणि मी गेल्या कित्येक वर्षांत त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. दादाने लगेच खिशातून पक्कड काढली आणि बेल चौकटीवरून उतरवली. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला, "हा परदेशी पाहुणा. ह्याला पुण्याचा उन्हाळा कुठला माहीत."

त्या दुपारी तो बुधवार पेठेतून एक आवाज भरता येणारी चिप घेऊन आला. बोलणाऱ्या बाहुलीत असते तसली, चार-दोन वाक्यांपुरता आवाज मावेल एवढी. मग व्हरांड्यात जे सुरू झालं ते काय सांगू. वैशालीचा तांबट मधोमध, एकाची कोकिळा, दोघींच्या साळुंक्या, आणि मागच्या बाकावरच्या गणेशला कावळ्याशिवाय काही येत नव्हतं, म्हणून कावळा. दादा हात वर करायचा, सगळी श्वास रोखायची, हात खाली आला की सुरू. कधी कोणी शिंकायचं, कधी लष्कराचा ट्रक जायचा, कधी कावळाच सगळ्यांच्या आधी सुटायचा. वैशाली तर कमरेवर हात ठेवून गणेशला शिकवत होती, "तू मंग कर. आधी मी. मंग तू." आणि तो निमूट ऐकत होता. शेवटी एकदा सगळं अगदी जमून आलं, आणि नेमका त्याच क्षणी खडकी स्टेशनवर गाडीने भोंगा दिला. मुलं हिरमुसली. दादाने चिप कानाला लावून ऐकली. "राहू दे," तो म्हणाला, "खडकीचा वसंत आहे. गाडी येणारच."

शनिवारी पालक आले. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेले आईबाप होते, कारखान्यातले होते, रिक्षा बाजूला लावून आलेलेही होते. आमच्या दारावर तांबूस हातांचा पिंपळ डोलत होता. पहिल्या पाहुण्या मुलाने फळी ढकलली. तांबट, कोकिळा, साळुंक्या, कावळा आणि आगगाडी. पोरगं दचकलं, दार लावलं, परत उघडलं. थोड्या वेळात दारासमोर रांग लागली. एक वडील मला म्हणाले, "आम्ही दुसरीकडे इंग्रजीला फॉर्म भरलाय हो, आम्ही नुसते बघायला आलोय." त्यांची मुलगी तोवर वैशालीच्या शेजारी जाऊन बसली होती आणि वैशाली तिला साळुंकी शिकवत होती. बोलत होती, सारखी बोलत होती, आपल्या भंडाऱ्याच्या बोलीत, आणि कोणी हसत नव्हतं. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. मी दादाला आत ये म्हटलं. तो म्हणाला, "नको, मला बाहेरचीच सवय." तेव्हा वैशालीने येऊन त्याचा हात धरला आणि त्याला ओढत आत नेऊन आपल्या बाकावर बसवलं. त्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन माझा दादा बसला, आणि दाराकडे आतल्या बाजूने पाहू लागला.

पहिली भरली. काठोकाठ नाही, पण बंद करता येणार नाही इतकी. दारामुळे का, असं मी केळकरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. पण पुढच्या वर्षी तुमच्या भावाला आधीच सांगून ठेवा." वैशाली गावी गेली नाही. चौथीपर्यंत आमच्याकडे होती, मग तिच्या वडिलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात काम लागलं आणि ते तिकडे राहायला गेले. पुढे शाळेत इंग्रजीतून गणित आलं, विज्ञान आलं, पण पहिलीचा वर्ग चालू राहिला. आणि दर फाल्गुनात दादा पिशवी घेऊन येत राहिला. नवी मुलं, नवे आवाज. कधी बेडूक, कधी चिंचेवरचे पोपट, एका वर्षी नुसता वारा. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण शनिवारी शाळा सुटल्यावर खडकीहून पोरं आईबापांना घेऊन जिन्याखाली यायची, मोडकी खेळणी हातात घेऊन. तो त्यांच्याकडूनच ती खोलून घ्यायचा. मी निवृत्त झाले, तो झाला नाही. यंदाही चिप आणून ठेवली होती, असं वहिनी म्हणाली.

ती चिप घेऊन मी मागच्या आठवड्यात शाळेत गेले. पहिलीला आता एक तरुण बाई आहेत. त्यांनी आणि मुलांनी मिळून आवाज भरले, पवारमामांच्या मुलाने तारा जोडल्या, आणि मी व्हरांड्यात खुर्चीवर बसून नुसती बघत होते. शाळा बघायला आलेली एक छोटी मुलगी आईच्या ओढणीमागून दाराकडे पाहत होती, पुढे यायला तयार नव्हती. वर्गातला एक मुलगा तिच्याकडे गेला. दादा गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल तरी त्याच्या लेखी दादाच्या नावाचा अर्थ वेगळा होता. दारातल्या पक्ष्याला मुलं केव्हापासून त्याच नावाने हाक मारायला लागली, कोणास ठाऊक. मला तर हे त्याच दिवशी कळलं.

"घाबरू नको," तो तिला म्हणाला, "तू नुसतं ढकल. शरद बोलतो."

तिने दोन्ही तळवे दारावर टेकवले आणि ढकललं.