आईसाठी निवडलेली बोट

मी अजूनही बोटींचे रिव्ह्यू वाचते. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे गरम करायला जातात, तेव्हा मी फोनवर माल्टाच्या बोटी बघत बसते. कुठलीत सावली आहे, कुठलीत जिना चढावा लागत नाही, कुठलीत म्हाताऱ्या माणसांना हात धरून उतरवतात. आता यातलं काहीच माझ्या उपयोगाचं नाही. आई जाऊन वर्ष होत आलं. पण चुकीची बोट निवडली होती हे कळल्यावर बरोबर बोट कुठली ते शोधत बसण्याची खोड काही सुटत नाही.

माझी नोकरी कॅनडातल्या मिसिसागात, विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत. कुठला माल कशातून पाठवायचा, कुठे उतरवायचा, हे मी ठरवते. वीस वर्षं तेच केल्यामुळे घरातही सगळं मीच ठरवते. नवऱ्याला त्याची सवय झालीय, मुलीला झालेली नाही. आईला सवय आहे की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आई वसईच्या कोळीवाड्यातली. वडील तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हातात आणि बोटीवरची माणसं त्यांच्या शब्दात. ते आणतील ती मासळी आईनं उतरवायची, निवडायची, सुकवायची, बाजारात नेऊन विकायची. सबंध जन्म त्या बोटीवर पोसला गेला, पण आई त्या बोटीत कधी बसली नव्हती. आमच्याकडे धंद्याच्या बोटीवर बायका चढत नसत. हंगाम सुरू होताना फादर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडायचे, तेव्हा आम्हा पोराटोरांना एक फेरी मिळायची. मी पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाशी बसून आरडाओरडा करायचे. आई त्या वेळी घरी पाहुण्यांचं जेवण रांधत असायची.

वडील गेल्यावर मी तिला कॅनडात आणलं. इथे ती रविवारी चर्चमध्ये मिसेला जायची, वसईच्या चार बायका भेटल्या की तेवढा एक तास हसायची, आणि बाकीचा आठवडा खिडकीशी बसून असायची. चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले, बोटं बधिर झालेली, आणि ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "सत्तर वर्षं दर्याच्या काठाला काढली बाय, पण दर्यातून काठ कसा दिसतो, ते नाय बघितलं."

आईनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हेही मागणं नव्हतं खरं तर, पण मी ते मागणं म्हणूनच घेतलं. त्याच आठवड्यात ठरवलं की जूनमध्ये तिला समुद्रावर न्यायचं. वसईला नेलं असतं तर तिथे ती पुन्हा टोपलीशी जाऊन बसली असती. म्हणून माल्टा. छोटं बेट, भूमध्य समुद्र, पावलोपावली चर्च, इंग्रजी चालतं. तिचे गुडघे आणि हृदय, दोन्हींकडे बघून डॉक्टर म्हणाले, जायचं तर आता जा.

मग मी कामाला लागले. ऑफिसात करते तसा तक्ता केला. एकेका बोटीची एकेक ओळ, आणि पुढे रकाने: माणसं किती, वॉशरूम आहे का, सावली आहे का, हलते किती, चढायला पायऱ्या किती. स्पीडबोट पहिल्याच दिवशी बाद केली, तिच्या आदळण्यात आईचे गुडघे राहिले नसते. काचेच्या तळाची बोट होती, पण खाली वाकून मासे बघायचे म्हणजे आईच्या दृष्टीनं काय नवल? शिडाची मोठी बोट होती, पुढे जाळी ताणलेली आणि त्यावर लोळणारी गोरी पोरं. आई काय लोळणार! मग दोन-तीनशे माणसांची दुमजली बोट होती. तिच्यावर गाणी, घसरगुंडी, जेवणाची टेबलं, आणि ओळीनं मांडलेल्या खुर्च्या.

आणि सगळ्यात शेवटी, लहानशा बंदरातून सुटणारी आठ माणसांची रंगीत लाकडी बोट. 'मच्छीमारासोबत एक दिवस.' म्हातारा मच्छीमार जाळं ओढणार, तुमच्यासमोर मासे काढणार, तिथेच शिजवून वाढणार. रिव्ह्यू सगळे पाचाचे. मी ते फोटो बघितले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी आमच्या बोटीसारखा रंग.

मुलगी तेव्हा बारावीत. ती म्हणाली, "मॉम, जस्ट आस्क हर."

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. तरी लॅपटॉप आईसमोर नेला. आईनं चष्मा लावून सगळ्या बोटी बघितल्या, आणि बोट ठेवलं ते थेट दुमजली बोटीवर. एका फोटोत मोठमोठ्या हॅट घातलेल्या म्हाताऱ्या बायका खुर्च्यांत रेलून बसल्या होत्या, हातात सरबताचे ग्लास.

"ही बरी दिसते. लग्नाच्या मांडवासारखी."

मी मोठ्यानं हसले. "आई, ही टुरिस्टांची बोट आहे गं! दंगा नुसता. आपण काय टुरिस्ट आहोत? आपण दर्यावरची माणसं."

आई म्हणाली, "बरं. तू म्हणशील ती."

लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिचा राग आला. मी तिला सांगितलं, तुला यातलं काही कळत नाही, तू खारं वारं खाल्लेलं नाहीस. आज मला वाटतं, त्या टेबलाशी बसलेल्या तिघींत ज्या एकीला काही कळत नव्हतं, ती मी होते.

माल्टात तो दिवस लखलखीत उजाडला. आईनं जांभळा ड्रेस घातला होता. मिसिसागाच्या मॉलमध्ये तिनं स्वतः पसंत केलेला, त्या चार वर्षांतला पहिला. केसांत माळायला फूल मिळेल का, म्हणून हॉटेलातल्या पोरीला तिनं मराठीतच विचारलं, आणि त्या पोरीनं कुंडीतलं तोडून दिलंसुद्धा. नवरा म्हणाला, सासूबाई आज नवरीसारख्या दिसताहेत. बंदरावर मच्छीमारानं तिचा हात धरून तिला बोटीत घेतलं, तेव्हा तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. आम्ही चौघं, शिवाय चार पाहुणे. इंजिन सुरू झालं. काठ मागे सरायला लागला आणि आई वळून बघायला लागली.

किती वेळ बघितलं असेल? फार तर दहा मिनिटं.

मच्छीमारानं जाळं ओढलं. मासळी बरी आली. त्यानं फळी मांडली, सुरी काढली आणि आमच्याकडे बघत सावकाश एक मासा कापायला घेतला. तो रोज हे लोकांना दाखवायचा, त्यामुळे त्याच्या हातात घाई नव्हती. आईला ते बघवेना. ती उठून मागे गेली, त्याच्या हातातली सुरी घेतली, आणि दोन झटक्यांत खवले, एका झटक्यात पोट. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मच्छीमारानं टोपी काढून तिला सलाम केला. आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मला वाटलं, साधलं! खिडकीशी बसणारी ती बाई गेली आणि माझी आई परत आली.

मी फोन काढला. आईचे तीन-चार मासे झाले, तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, अजून एक कर ना, व्हिडिओ नीट नाही आला."

तिनं अजून एक केला. मग अजून एक. मच्छीमारानं शहाणपणानं सगळी टोपलीच तिच्याकडे सरकवली आणि तो चूल पेटवायला गेला. ती एका पेटीवर बसली होती, समुद्राकडे पाठ करून. जांभळ्या ड्रेसवर खवले उडत होते. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॉम, टेल हर टु स्टॉप. शी केम टु सी द ओशन."

"एन्जॉय करतेय ती," मी म्हटलं. "बघ किती खूश आहे."

एका खाडीत बोट थांबली. पाणी निळंशार होतं. सगळ्यांनी उड्या मारल्या, मीसुद्धा. पाण्यातून वर बघितलं तर आई फळी धूत होती. जेवताना तिनं सगळ्यांना वाढलं आणि शेवटी, उभ्यानंच, दोन घास खाल्ले. परत येताना ती दुमजली बोट आमच्या जवळून गेली. गाणी चालली होती, कठड्याशी बायका हात हलवत होत्या. आईनं ओला हात पुसला आणि हात हलवला. बोट वळणाआड जाईपर्यंत ती उभी होती. मी तोही फोटो काढला.

उतरताना पाहुण्यांपैकी एक बाई मच्छीमाराला म्हणाली की तुझ्या मदतनीस बाई फार गोड आहेत, किती राबल्या! त्याला इंग्रजी बेताचंच येत असावं, तो नुसता हसला. मी दोन पावलांवर उभी होते. ती माझी आई आहे, तिकीट काढून आलेली पाहुणी आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. मला लाज वाटली. आईची नव्हे, माझीच, पण तोंड बंदच राहिलं त्याला काय करणार?

संध्याकाळी हॉटेलात आई ड्रेस धूत होती. मी विचारलं, "मजा आली ना?"

"आली तर! तू एवढं केलंस."

मला तेवढं पुरलं. मिसिसागात परत आल्यावर मी ते व्हिडिओ सगळ्यांना दाखवले. मिसेनंतर हॉलमध्ये कॉफी पिताना दाखवले, ऑफिसात दाखवले. लोक म्हणायचे, वा, काय हात आहे! मी फुशारून जायचे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊ, असंही म्हणत होते. पण थंडी सुरू झाली आणि आईचं हृदय थकत गेलं. नाताळच्या आधी ती इस्पितळात गेली आणि तिथून घरी आली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, वसईहून मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघी रोज बोलायच्या. मावशी म्हणाली, आईच्या महिन्याची मिसा आहे, घरी फोटो लावायचा आहे, एखादा चांगला पाठव.

"तो बोटीतला पाठव," ती म्हणाली. "नवीन ड्रेस घातलेला. बोटीत ऐटीत बसलेली दिसेल असा."

मी म्हटलं, पाठवते. फोन चालू ठेवून फोटो बघायला लागले. त्या एका दिवसाचे दोनशेच्या वर होते. आई मासा कापतेय. आई खवले काढतेय. आई फळी धुतेय. आई वाढतेय. पाठमोरी आई, पेटीवर वाकलेली. पहिल्या दहा मिनिटांचा, बाकावर बसून काठ बघतानाचा, एकही नव्हता. तेव्हा मी नवऱ्याला सनस्क्रीन शोधायला लावत होते. मी खालून वर आणि वरून खाली तीनदा बघितलं.

"मावशी, बसलेला नाहीये गं," मी म्हटलं. "ती मासे साफ करत होती ना सगळा वेळ. तिला फार आवडलं होतं."





"मला सांगितलं होतं तिनं," मावशी म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाली होती. पण आता गेली ती, सांगते. मी तिला विचारलेलं, अगं, एवढ्या लांब जाऊन मासळीच कापत बसलीस? उठायचं नाही का? तर म्हणाली, कशी उठू? पोरगी समोर उभी राहून फोटो काढत होती. एवढी खूश मी तिला कधी बघितली नव्हती."