पुण्यानुमोदनात बाबांची पेटी अर्ध्यात थांबली

की-बोर्डवाल्या यारांनो, आज काचीगुड्याला आमच्या घरी बाबांचं पुण्यानुमोदन होतं. मागच्या महिन्यात ते चहा पिता पिता, बोलता बोलताच गेले.

वंदनेनंतर त्यांची आवडती भीमगीतं म्हणायची होती. त्यांच्या पेटीचा भाता कधीचाच फाटलाय, म्हणून मी टॅबवर वाजवणार होतो. माझ्याकडे दोन अ‍ॅप आहेत. एकाचा आवाज खेळण्यातल्या बाजासारखा, पण ते कधीच दगा देत नाही. दुसऱ्यात बाबांच्याच पेटीचा एकेक सूर मी पूर्वी रेकॉर्ड करून भरलाय. आवाज हुबेहूब, पण अ‍ॅप जड, कधीही अटकतं.

मी हुबेहूब आवाजच लावला. पहिल्या सुरालाच आईनं डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या कडव्यात अ‍ॅप फटकन बंद पडलं. माझी बोटं नुसतीच काचेवर. काकांनी टाळ्यांवर ठेका धरून कसंबसं गाणं पुरं केलं.

पाहुणे गेल्यावर मी आईला म्हणालो, "चुकलंच माझं. साधं अ‍ॅप लावायचं होतं."

"नक्को रे," ती म्हणाली. "आवाज त्यांचाच होता. गेला बी त्यांच्यासारखाच, मधीच."

आत्ता ती म्हणतेय, अजून एकदा लाव.

भरवशाचं अ‍ॅप कुणी सुचवू नका. एवढंच सांगा, लावू का?