उकळून आणलेली पट्टी

विषाणूंवर काम करते असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, 'आम्हाले काही होणार नाही ना?' आणि दुसरी, 'मग औषध कधी निघते?' कोरोनानंतर तर पहिल्या प्रश्नाने मला जेरीस आणलं. मनीषनगरच्या आमच्या इमारतीतली शेजारीण मी लिफ्टमध्ये शिरले की फोन आल्यासारखं करून बाहेर पडायची. शेवटी वैतागून मी सगळ्यांना एकच ठरलेलं वाक्य ऐकवायला लागले: माझा विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही, तो फक्त जिवाणूंना धरतो. वाक्य खरं होतं, छोटं होतं आणि तळमजल्यापासून वर पोचेपर्यंत सांगून संपत होतं. रामटेकजवळच्या आमच्या गावी काकूने ते ऐकलं आणि जपून ठेवलं.

खरं काम समजावून सांगायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. हा विषाणू लांब, दोऱ्यासारखा असतो. त्याच्या जनुकात थोडा बदल केला की त्याच्या अंगावर धातूचे कण धरून ठेवणारे बारीक तुकडे तयार होतात. मग तो धातूच्या पाण्यात सोडायचा. धातू त्याच्या अंगभर बसतो आणि केसापेक्षा कितीतरी बारीक तार तयार होते. तशा तारा बॅटरीच्या आत वापरता येतात का, ते आम्ही पाहतो. जिवाणू लागतो तो फक्त या विषाणूची पैदास करायला, आणि तोही गरीब, प्रयोगशाळेत वाढवलेला. त्यालासुद्धा आमचा विषाणू मारत नाही. भाडेकरूसारखा त्याच्यात राहतो आणि आपली पिलावळ बाहेर सोडत बसतो. थोडक्यात, माझ्याकडे सुताराचा रंधा आहे आणि घरच्यांना वाटतं बंदूक आहे.

मागच्या धानाच्या हंगामात काकांच्या तळव्याला काहीतरी टोचलं. काकांना जुनी शुगर, पायाला काही जाणवत नाही. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात अनवाणी उतरू नका, हे मी, डॉक्टरांनी, काकूने, सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं. 'चप्पल घालून रोवणी होते का?' जखम झाली ती त्यांनी हळद दाबून लपवून ठेवली. नागपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तळव्याचा रंग बदलला होता. जखमेतले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, दुसरी औषधं चालू केली आहेत, पण पाय वाचेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला काकांचा इतका राग आला की त्यांच्याशी धड बोलताही येईना. मला खांद्यावर बसवून रामटेकच्या पायऱ्या चढलेला हा माणूस, आणि स्वतःच्या पायाची त्याला एवढीही पडली नव्हती.

काकू मात्र माझ्या मागे लागली.

'तुह्याजवळ जंतू धरणारा हाय ना वं? मंग आण ना एक शिशी. काहून थांबून राहिली?'

'काकू, माह्यावाला त्या कामाचा नाही.'

'बरं. मंग ज्या कामाचा हाय तो आण.'

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. जंतू मारणारे विषाणू असतात, हे खरं. पण प्रत्येकाचा जंतू ठरलेला. जखमेत नेमका कोणता जंतू आहे ते आधी पाहावं लागतं, मग त्याला जुळणारा विषाणू हुडकावा लागतो, आणि हे करणारे लोक वेगळे, जागा वेगळी, परवानग्या वेगळ्या. मी डॉक्टरांनाही विचारून आले होते. तो उपचार इथे मिळत नाही आणि दुसरीकडून मिळवेपर्यंत हा पाय थांबणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकूने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. तिने त्यातलं हवं तेवढंच घेतलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती थेट आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकावर आली. चौकीदाराने मला बाहेर बोलावलं. काकूच्या हातात स्टीलचा छोटा डबा, त्याला रुमाल बांधलेला. आत काकांच्या जखमेवरची पट्टी होती, घडी घातलेली, पांढरीशुभ्र.

'यातला जंतू पाहून घे, आन् त्याले जुळता हुडक.'

पट्टी ओलसर होती आणि तिला फिनेलसारखा वास येत होता. मी विचारलं, 'ही धुतली का?'

'नुसती धुतली? फिनेल टाकून चांगली खळखळ उकळून आणली. तुले काही झालं म्हणजे?'

माझं डोकंच फिरलं. रोज रोज तेच समजावायचं आणि त्यातून हे निघायचं. 'काकू, उकळल्यावर त्यात काय राहते? सारं मेलं ना,' मी फाटकावरच आवाज चढवला. चौकीदार दुसरीकडे पाहायला लागला. न उकळता आणली असती तरी मला ती आत नेता आली नसती, आणि नेऊनही उपयोग नव्हता, एवढं पुढचं सांगायचं राहून गेलं. काकूने डबा परत घेतला, झाकण लावलं, रुमालाची गाठ मारली आणि ऑटो बघायला लागली.

काकांचा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी धानाचं विचारलं, मग दवाखान्याच्या वरणात मीठ नाही म्हणून नर्सशी भांडण काढलं. भांडतायत म्हणजे सावरतील, असं मी धरून चालले. काकूने मात्र माझ्याकडे पुन्हा काहीच मागितलं नाही. एकदाचं तिला पटलं, असं समजून मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी काका झोपले होते. काकू त्यांच्या धोतराची घडी घालत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, 'मी ते पट्टी उकळली नसती, तर यांचा पाय वाचला असता ना वं?'

इतके दिवस ती का गप्प होती, ते मला तेव्हा समजलं.

'नाही काकू. काहीच फरक पडला नसता. तशीच आणली असती, तरी मले काही करता येत नव्हतं.' यातला शब्द न् शब्द खरा होता. मी पुन्हा सांगितलं, काकांची शपथ घेऊन सांगितलं.

'मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू,' काकू म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.