खालचा बाण

बाबा गेले तेव्हा मी अमरावतीत स्पर्धा परीक्षेचा क्लास करत होतो. बाबा अकोट डेपोत एसटीचे ड्रायव्हर. गाडीत चढता चढताच हार्ट अटॅकनं गेले. पण ती वर्षंच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती, आमच्याकडं बाबांच्या वयाचा माणूस गेला म्हटलं की लोक आवाज बारीक करून विचारायचे, "औषध घेतलं का?" म्हणजे फवारणीचं. अहो, आम्हाला वावरसुद्धा नव्हतं! तरी तेरवीपर्यंत जो आला तो विचारून गेला. मला चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की आधीच घाम फुटतो. आई सांगत राहिली, मी भिंतीला टेकून बसून राहिलो. रडू आलं नाही. काही म्हणता काहीच वाटत नव्हतं.

क्लासातही मी मुकाच. बोलायचो ते फक्त परीक्षावाल्या पोरांच्या एका वेबसाइटवर. पोरं बहुतेक आमच्याच भागातली. उत्तर आवडलं तर वरचा बाण दाबायचा, नाही आवडलं तर खालचा. खालचे फार झाले की लिहिलेलं आपोआप झाकलं जायचं. माझ्या इतिहासाच्या उत्तरांना वरचे बाण रग्गड पडायचे. तिथं मी शेर होतो, हसू नका.

म्हणून अमरावतीला परत आल्यावर सायबर कॅफेत बसून बाबांचं तिथंच लिहिलं. थोडंसंच. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळं झाकलेलं. नुसते खालचे बाण.

वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं एवढंच, की बरं, इथंही आपण नको. क्लासला जाणं बंद केलं. खाटेवर पडून राहायचो. शेवटी ठरवलं, अकोटची गाडी धरायची आणि परत यायचंच नाही.

रूम पार्टनर अंजनगावचा, फाटक्या तोंडाचा. बॅग भरताना त्यानं पाहिलं.

"कावून बे, कुठं चालला?"

सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"अबे येड्या, पयला खालचा बाण मीच दाबला! बाप गेल्याच्या बातमीवर वरचा दाबू काय? चांगलं झालं म्हनू? माझं पाहून बाकीच्यायनंबी दाबला असन. सगळ्यायले वाईट वाटलं ना बे!"

एकेक गाढव लेकाचे! राग येईना आणि हसूही येईना.

"वाचलं तरी का तू?" मी विचारलं.

"पयलीच ओळ वाचली. पुढं वाचवलंच नाही मले." तो बॅगेशेजारी बसला. "काय लिहिलं होतं?"

मान खाली घालून सांगायला लागलो. बाबा डेपोत गेले. गाडीच्या पायरीवरच. संध्याकाळी डेपोतल्या एका माणसानं त्यांचा डबा घरी आणून दिला. सकाळी आईनं भरला होता तसाच, भरलेला. आईनं तो उघडला नाही, घासायलाही टाकला नाही.

डब्यापर्यंत माझा आवाज नीट होता.