आठ मीटर दहा

माझे बाबा खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवतात. कोऱ्या करकरीत टेपवरही त्यांचा विश्वास नसतो. "टोकाची कडी ढिली होते, आणि पहिले चार मिलिमीटर सर्रास खोटं बोलतात," हे त्यांचं मत. म्हणून ते शून्यापासून मोजतच नाहीत. समोरच्याने दहा सेंटिमीटरची खूण रेघेवर धरायची आणि बाबांनी आपल्या बाजूला दहा जास्त वाचायचे. दुकानात समोरचा म्हणजे माझा मामा. वीस वर्षं दोघं असंच मोजत आले. सुरुवातीला बाबा "दहावर धर" म्हणत असतील. मला आठवतं तेव्हापासून नुसतं "धर" म्हणतात.

तेरा वर्षांची असताना मी शाळेत अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव सुरू केला. तंगड्या लांब, म्हणून टोळ हे नाव पडलं. आमच्या खेळाच्या मॅडम बाबांना म्हणाल्या, "मुलीत दम आहे, पण आठवड्यातून दोन दिवसांचा सराव पुरायचा नाही."

"अडथळा किती उंच असतो?" बाबांनी विचारलं.

"शहात्तर सेंटिमीटर."

"आणि दोन अडथळ्यांत अंतर?"

"आठ मीटर."

आणखी काही न विचारता बाबा घरी आले. आठवडाभरात उरलेल्या पाइपांचे पाच अडथळे तयार झाले. पाय असे जोडले होते की धक्का लागला तर अडथळा पुढे कलंडावा. प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत केलेला.

"भाऊजी, गिऱ्हाइकाच्या गेटला कधी एवढं घासलं नाहीत," मामा म्हणाला.

"गिऱ्हाईक गेटवरून उड्या मारत नाही."

दुकानामागे मातीचा लांब मोकळा पट्टा आहे आणि त्याच्या कडेने भिंत. भिंतीवर पांढऱ्या रंगाने रेघा मारून अडथळ्यांच्या जागा ठरवायच्या होत्या. त्या रविवारी मामा तापाने फणफणलेला, म्हणून टेप धरायला आई आली. बाबा म्हणाले, "धर." आईने धरली. बाबांनी वाचून रेघ मारली. अशा पाच रेघा झाल्या.

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि संध्याकाळी सभागृहात बायकांचं समूहगान बसवते. माझ्या सरावाला ती रंगाचा रिकामा डबा उपडा घालून बसायची आणि त्यावर ठेका धरायची. एक, दोन, तीन, आणि! "आणि"ला मी हवेत. "पळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही," ती म्हणायची, "पण लय घसरली की लगेच कळते." चार महिन्यांत एकही अडथळा पडेनासा झाला.

मग शाळेच्या संघाची निवड जवळ आली आणि मॅडमनी मैदानावर खरे अडथळे मांडले. पहिला कसाबसा गेला, दुसऱ्याला टाच घासली, तिसरा गुडघ्याने पाडला. पुन्हा पळाले, पुन्हा तिसरा पडला. पाचव्या वेळीही तेच झालं.

"टोळ, तू अडथळा जवळ आला की बिचकतेस," मॅडम म्हणाल्या. "भीती बसली की लवकर जात नाही. शुक्रवारी नावं द्यायची आहेत. मी तुझं नाव लांब उडीला टाकते."

मला लांब उडी नको होती. मला हेच हवं होतं. पण घरी येताना मी मनाशी कबूलही करून टाकलं, की मी भित्री आहे.

बाबा आधी उखडले. "मॅडमचं मैदान चुकलं असणार!" दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेप आणि मामाला घेऊन शाळेत गेले. मैदान मोजलं. आठ, आठ, आठ. परत येऊन त्यांनी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. आठ मीटर दहा. पुढची, आठ मीटर दहा. सगळ्या तशाच.

बाबांनी आईला विचारलं, "त्या दिवशी टेप कुठे धरली होतीस?"

"कुठे म्हणजे? टोकाला. टेप काय कुणी मधे धरतं?"

मामाला हसू आवरेना. बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

बुधवारी सकाळी दुकान न उघडता ते मैदानावर आले. सगळ्या मुली होत्या. मला वाटलं, बाजूला घेऊन बोलतील. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ही बिचकत नाही. चूक माझी आहे. चार महिने मी हिला दहा सेंटिमीटर लांब अंतरावर पळवलं. बायकोला टेप कुठे धरायची ते सांगितलंच नाही." भित्रेपणाला औषध नसतं. दहा सेंटिमीटरचं बघून घेता येतं.

"पण दोन दिवसांत सवय कशी मोडणार?" मॅडम म्हणाल्या.

बाबांच्या मागे आई डबा घेऊन उभी होती. "मोडायची कशाला?" ती म्हणाली. "जागा कमी झाली, पावलं तीनच आहेत. लांब टाकायची नाहीत, भराभर टाकायची. लय वाढवायची, बास. आमच्या बायका दर आठवड्याला करतात. त्यातली एक तर आजी आहे."

मॅडम हसल्या. "शुक्रवारपर्यंत थांबते. पाचही पार झाले, तर नाव अडथळ्यांना टाकते."

बाबांनी भिंतीवर पिवळ्या रेघा मारल्या. टेप आईनेच धरली आणि बाबा दर रेघेला ओरडत होते, "दहावर धर!"

"ऐकलं हो! सगळ्या गल्लीने ऐकलं!"

दोन दिवस डबा नुसता धडधडत होता. बुधवारी मी अकरा वेळा अडथळा पाडला. गुरुवारी दोनदा.

शुक्रवारी डबा आणायला मॅडमनी मनाई केली. गरजही नव्हती, कानात तो वाजतच होता. एक, दोन, तीन, आणि! पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला मी अडथळ्याकडे बघितलंच नाही, पलीकडे बघितलं. चौथाही मागे पडला. पाचव्याला टाच लागली, तो डुगडुगला आणि उभा राहिला. मॅडमनी कागदावर लांब उडीपुढचं माझं नाव खोडलं आणि वरच्या, अडथळ्यांच्या रकान्यात लिहिलं.

आज मी मोजमापाची उपकरणं तपासायचं काम करते. कुणाच्या हाती दुसरं टोक दिलं, की कुठे धरायचं ते आधी सांगते, समोरचा कितीही जुना असला तरी.

भिंतीवरच्या पांढऱ्या रेघा बाबांनी पुसल्या नाहीत. त्यांच्या शेजारी पिवळ्या आहेत. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, की हातातलं काम खाली ठेवून ते सांगतात, "पिवळी बरोबर. पांढरी माझी."