चिनूचे फोटो आणि दोन भागांचा कॉम्प्युटर

सगळं सुरू झालं रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की लक्षात आहे, कारण मी चिनूला औषध पाजत होते आणि डोळे घड्याळाकडेच होते. तेव्हापासून आमच्या सातपूरच्या घरात त्या कॉम्प्युटरचे इतके किस्से साचलेत, की पाहुणा आला की चहाच्या आधी एक सांगावाच लागतो!

तर माझा दीर संदीप एक सीडी घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, हार्ड डिस्कचे दोन भाग करतो. एकात विंडोज राहील, दुसऱ्यात लिनक्स टाकतो. एकच कॉम्प्युटर, दोन सिस्टीम!"

मी विचारलं, "आणि चिनूचे फोटो?"

चिनू तेव्हा दहा महिन्यांचा. बारशापासूनचे सगळे फोटो त्या डब्यात. कागदावर एकही नाही.

"ते विंडोजच्या भागात सुरक्षित राहतील. बहुतेक!"

त्या 'बहुतेक'नंतर मी चिनूला कडेवर घेऊन तिथंच ठाण मांडलं.

*

भाग पाडताना लाइट गेली तर सगळं पुसलं जाऊ शकतं, असं संदीप सहज बोलून गेला. आणि आमच्याकडे रोज बाराला लोडशेडिंग! पडद्यावर त्रेचाळीस टक्के, घड्याळात साडेअकरा. मी सरळ वीज कचेरीत फोन लावला.

"साहेब, आज अर्धा तास उशिरा घालवा ना. लेकराचे फोटो आहेत हो माझ्या!"

तिकडून साहेब म्हणाले, "ताई, आमची तर सकाळपासूनच गेलीय!"

काम संपलं बाराला पाच मिनिटं कमी असताना. लाइट गेली बाराच्या ठोक्याला. संध्याकाळी मी एकूण एक फोटो उघडून बघितला, मगच कुकर लावला.

*

कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन्ही नावं यायची. दहा सेकंदांत विंडोज निवडलं नाही, तर आपोआप लिनक्स सुरू. माझे सासरे, अप्पा, सरकारी कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांना पत्त्यांचा खेळ हवा असायचा, आणि तो विंडोजमध्ये. ते खुर्ची पुढे ओढून नीट बसेपर्यंत वेळ संपायचा! सासूबाई मागून मोजायच्या, "सात... सहा... अहो, दाबा की!" त्या घाईत अप्पा भलतंच बटण दाबायचे.

शेवटी अप्पांनी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. "विषय : दहा सेकंदांची मुदत वाढवून मिळणेबाबत." संदीपने खाली शेरा मारला, "मंजूर. तीस सेकंद."

अप्पांनी त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली!

*

दसऱ्याला सासूबाईंनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू वाहिलं आणि थबकल्या.

"दुसरा कुठंय रे?"

"आई, एका वेळी एकच चालू होतो."

"मग हा बंद कर नि त्याला उठव. सणासुदीला एकाला पेढा नि दुसरा उपाशी?"

आरती दोनदा झाली. मधल्या वेळात सगळं घर हात जोडून काळ्या पडद्यासमोर उभं!

*

लिनक्स सुरू होताना कोपऱ्यात एक पेंग्विन दिसायचा. चिनूला खाण्याचा भारी कंटाळा, पण पेंग्विन दिसला की आ वासायचा! पेंग्विन गेला की तोंड बंद. मग काय, मी कॉम्प्युटर बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. वाटीभर नाचणीची पेज, नऊ वेळा!

संदीप ओरडला, "वहिनी, डिस्क मरेल!"

मी म्हटलं, "भाऊजी, नवीन आणू. लेकरू दोन घास जास्त खातंय!"

*

पण खरी कथा पुढेच. एका दुपारी संदीप लिनक्सची जागा थोडी वाढवायला गेला, आणि विंडोजचा भागच गायब. चिनूचे फोटोसुद्धा! मी रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाई वणीच्या देवीला नवस बोलल्या. संदीप मान खाली घालून डिस्क गंगापूर रोडच्या एका रिपेअरवाल्याकडे घेऊन गेला.

पाचव्या दिवशी तो सीडी घेऊन आला. सगळं होतं! बारसं, पहिला दात, जावळ. सासूबाईंनी त्यातला कुंचीतला हसरा फोटो निवडला, मोठा करून घेतला आणि हॉलमध्ये टांगला. मी रोज संध्याकाळी चिनूची दृष्ट काढायचे आणि भीतीपोटी त्या फोटोचीही. पुन्हा गेला तर?

महिनाभराने अप्पा फ्रेमसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"सूनबाई, आपल्याकडे निळा मोरांचा पडदा कधी होता गं?"

नव्हता. कुंचीही आमची नव्हती. आणि चिनूच्या गालाला खळी पडत नाही!

संदीप हळूच म्हणाला, "वहिनी, डिस्क सेकंड हँड घेतली होती. रिपेअरवाल्याने आधीच्या मालकाचं पुसलेलंसुद्धा वर काढलं वाटतं."

सीडी पुन्हा बघितली, तर त्या बाळाचे एकवीस फोटो निघाले. मी फ्रेम काढायला स्टुलावर चढले, तर सासूबाई आडव्या आल्या. "महिनाभर राहिलंय घरात. आता कुठं घालवतेस त्याला?"

तेव्हा एवढं जरा चार जणांच्या कानावर घाला. निळा मोरांचा पडदा, लाल कुंची, डाव्या गालावर खळी. त्याच्या आईला म्हणावं, फोटो गेले नाहीत. सातपूरला आहेत, आणि रोज दृष्ट निघतेय.