नामदेवची भाकरी आणि ॲपचे बदाम

अंबडच्या आमच्या कंपनीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत संपतो, उरलेल्या वेळात किस्से साठतात. यंदाचे सगळे एका इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपचे.

झालं असं, की संगीताताईला लाइन लीडर व्हायचं होतं. बारा वर्षं मशीनवर, कामात वाघीण, पण इंटरव्ह्यू इंग्रजीत! म्हणून तिच्या सोबतीला मी आणि आमच्याच लाइनवरच्या शबानानंही ॲप घेतलं. उत्तर चुकलं, की वरच्या पाच लाल बदामांतला एक कमी होतो.

*

पहिल्याच दिवशी चित्र आलं. पाना घेतलेला माणूस, चहाचा ट्रे घेतलेली बाई. मशीन कोण दुरुस्त करतं? संगीताताईनं ग्रीसच्या बोटानं बाई दाबली. बदाम गेला.

"मला चहा तर धड येत बी नाय," ती म्हणाली.

*

शबानाला 'इंडिया'च्या धड्यात हत्तीवर बसलेला फेटेवाला दिसला. तिनं शांतपणे विचारलं, "हे साहेब अंबडला कुठल्या शिफ्टला येतात?" तेव्हापासून कोणी उशिरा आलं, की आम्ही विचारतो, हत्ती पंक्चर झाला का?

*

खरी गंमत झाली सायखेड्याला, ताईच्या घरी. तिचा नवरा नामदेव शेतातला भाजीपाला बघतो आणि भाकऱ्याही तोच थापतो. ॲपनं विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? ताईनं 'नवरा' दाबलं. चूक! नामदेव पिठाच्या हातानं उठून आला. "परत दाब. कसं चूक म्हणतंय तेच बघतो."

पाचही बदाम गेले.

"मग मी हितं काय करून राह्यलो?" तो तव्याकडे बघत म्हणाला.

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी आणि शबाना दाराबाहेर थांबलो होतो. ताई बाहेर आली ती थेट खुर्चीत बसली.

"सायबानं तेच विचारलं गं. सेकंड शिफ्ट आली तर घरी स्वयंपाक कोण करणार?"

"मग?"

"ॲपवर रोज चुकायचं तेच सांगितलं. माय हजबंड कुक्स. भाकरी व्हेरी गुड."

सोमवारी बोर्डावर लाइन लीडर म्हणून तिचं नाव लागलं. शबानानं तिला तिथल्या तिथं ॲप उघडायला लावलं. नेमका तोच प्रश्न आला. ताईनं पुन्हा 'नवरा' दाबलं आणि पुन्हा बदाम गेला.

"काढून टाक ना आता ते ॲप," मी वैतागून म्हणाले.

"राहू दे," ताई म्हणाली. "शिकल हळूहळू. आपण नाय का शिकलो?"